पिशवी उलटी करा

पोलीस लोकांची झडती घेतात हे सगळ्यांना माहीत आहे. पोलिसांची झडती घेणारा माणूस मी एकच पाहिला. ते नांदेडला सरकारी वकील होते, आणि त्यांच्या टेबलाशी खटल्याचे कागद घेऊन येणाऱ्या प्रत्येक हवालदाराला, जमादाराला, फौजदाराला ते एकच सांगत, "बसा. चहा घ्या. पिशवी उलटी करा." पोलीस कापडी पिशवीतून दोषारोपपत्राचा गठ्ठा काढून समोर ठेवायचा आणि पिशवीचं तोंड मुरगाळून ती मांडीवर घ्यायचा. साहेब चष्म्यावरून त्याच्याकडे बघत राहायचे. शेवटी पिशवी उलटी व्हायची आणि टेबलावर काय वाटेल ते पडायचं. तंबाखूची पुडी, फणी, बायकोने मापाला दिलेलं ब्लाउज, फुटाणे, आणि त्यात कुठेतरी चार घड्या घातलेला एखादा कागद. फुटाणे साहेब परत करायचे, कागद ठेवून घ्यायचे. पोलिसांत त्यांचं नाव झडतीवाले साहेब असं पडलं होतं. पुढे कोर्टातले शिपाईसुद्धा त्यांना त्याच नावाने ओळखू लागले.

मी त्यांची ज्युनियर होते. रोज लोह्याहून बसने यायचे, म्हणून मी त्यांच्यासाठी लोहेकर. माझं आडनाव वेगळं आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, पण आठ वर्षांत त्यांनी ते फक्त एकदा, माझ्या लग्नाच्या आहेराच्या पाकिटावर वापरलं. ते सगळ्यांना अहो-जाहो करायचे. बेडी घालून आणलेल्या आरोपीलासुद्धा, "अहो, जरा सावलीत थांबा की," म्हणायचे. पोलीस गालात हसायचे.

त्या चार घड्यांच्या कागदाचं महत्त्व मला पहिल्या वर्षी कळलं नव्हतं. पोलीस तपासात पन्नास कागद गोळा करतात. आरोपीच्या विरुद्ध जाणारे कागद दोषारोपपत्राला जोडतात आणि त्यांच्या नकला आरोपीला मिळतात. त्याच्या बाजूचा एखादा कागद निघाला तर तो कुणी फाडत नाही की जाळत नाही. नुसता जोडत नाही. तो तपासाच्या डायरीत राहतो किंवा पिशवीच्या तळाशी राहतो, आणि असा कागद आहे हेच आरोपीला माहीत नसतं. साहेब असे कागद शोधून काढायचे, त्यांची यादी करायचे, आणि खटला सुरू व्हायच्या आधी एका पुरशीसीसोबत, म्हणजे कोर्टाला कळवायच्या एका पानी अर्जासोबत, ती यादी आरोपीच्या वकिलाच्या हातात द्यायचे. यादी टंकून झाली की ते मला विचारायचे, "काय राहिलं?" मी म्हणायचे, "काही नाही राहिलं, सर." ते परत विचारायचे. तिसऱ्यांदा विचारलं की मी उठून गठ्ठा पहिल्यापासून चाळायला घ्यायचे आणि बहुतेक वेळा काहीतरी निघायचंच.

एकदा हिमायतनगरकडचं विहिरीवरची मोटार चोरल्याचं प्रकरण आलं होतं. पिशवीतून दुकानाची पावती पडली आणि पावती आरोपीच्या नावाची निघाली. मोटार त्याची स्वतःचीच होती. साहेबांनी पावती यादीत घातली. फौजदार तणतणत आले. "साहेब, तुमी आमचे का त्याचे? सरकारी वकील ना तुमी?"

साहेब म्हणाले, "हाव, सरकारचाच हाय. मग हा मानूस काय परदेशातून आला का? त्यो बी याच सरकारात ऱ्हातो की."

मी नवी होते आणि कायदा ताजा पाठ होता. मी म्हटलं, "पण सर, डायरीतला कागद मागायचा हक्क आरोपीला नाही. तसं स्पष्ट लिहिलंय."

"लिवलंय ना. त्याला मागता येत न्हाई असं लिवलंय. आपल्याला देता येत न्हाई असं कुठं लिवलंय ते दाखवा, मी तुमाला पेढे देतो."

मी दोन दिवस पुस्तकं शोधली. पेढे मिळाले नाहीत.

पेढ्यांवरून आठवलं. साहेब कागद लपवत नसत, पण पेढे लपवायचे. साखर चारशेच्या घरात, डॉक्टरांनी तंबी दिलेली, काकू रोज डब्यात मेथीची भाकरी द्यायच्या. आणि हे गृहस्थ कपाटात एका जुन्या निकाली खटल्याच्या गठ्ठ्यामागे पाव किलो पेढे ठेवायचे. काकूंचा फोन आला की तोंडातला पेढा गालात सरकवून, "न्हाई, काई खाल्लं न्हाई," असं अगदी शपथेवर सांगितल्यासारखं सांगायचे. मी हसले की डोळे वटारायचे. म्हणजे खोटं बोलणं त्यांना जमत नव्हतं असं नाही. चांगलं जमायचं. फक्त ते त्यांनी पेढ्यांपुरतं ठेवलं होतं, असं मी धरून चालले होते.

ते साधू वगैरे नव्हते. खटला हरणं त्यांच्या जिवावर यायचं. उलटतपासणीत साक्षीदाराला असे सोलायचे की तो माणूस बाहेर येऊन नळाखाली डोकं धरायचा. स्वतःच दिलेल्या यादीमुळे आरोपी सुटला की त्या दिवशी डबा उघडायचे नाहीत. कोपऱ्यावरच्या गाड्यावरून मुरमुऱ्यांची सुशीला मागवायचे, त्यातल्या मिरच्या वेचून कागदावर रांगेने लावायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा, "पिशवी उलटी करा." एकदा एका तरुण वकिलाने त्यांची यादी वाचलीच नाही. साहेबांनी भर कोर्टात त्याला कोपऱ्यात घेतलं आणि दबक्या आवाजात म्हणाले, "अहो, वाचा की. तिसरा कागद बगा. मी काय हात दुकतेत म्हनून टंकायला लावलं का?" त्याने वाचला आणि साहेब तो खटला हरले.

लोक म्हणत, यांच्या हातून तरुणपणी कुणीतरी निर्दोष माणूस फासावर गेला असणार, म्हणून असं करतात. मीही ते धरून बसले होते. एकदा धीर करून विचारलं. ते सुपारी कातरत होते. म्हणाले, "तसं काई न्हाई बा. असायलाच पायजे का?" आणि मला अर्धी सुपारी दिली.

नेमणुकीची मुदत संपल्यावर त्यांनी पुन्हा अर्ज केला नाही. पायांनी आणि किडनीने दगा दिला होता. ते लातूरला आपल्या घरी गेले. त्यांच्या जागी माझी नेमणूक झाली. टेबल तेच, कपाट तेच. कपाटात गठ्ठ्यामागे पेढ्यांचा रिकामा पुडा सापडला, तो मी टाकला नाही.

माझा पहिला मोठा खटला हदगावच्या बाजूचा होता. कापसाच्या एका जिनिंगमध्ये चोरी झाली आणि म्हाताऱ्या चौकीदाराला मारून त्याचा हात दोन ठिकाणी मोडला. आरोपी तिथलाच हमाल, संतोष. महिन्याभरापूर्वी त्याचं आणि चौकीदाराचं हजेरीवरून भांडण झालेलं. पुरावा म्हणजे एकट्या चौकीदाराचा जबाब: अंधार होता, पण आवाजावरून आणि चालण्यावरून मी संतोषला ओळखलं. संतोषला जामीन मिळाला नव्हता. प्रत्येक तारखेला त्याची बायको डबा घेऊन यायची, कडुलिंबाच्या पारावर बसायची आणि तो डबा तसाच परत न्यायची.

जमादार कागद घेऊन आले. मी साहेबांसारखंच म्हटलं, चहा घ्या, पिशवी उलटी करा. त्यांनी केली. तंबाखूची डबी पडली, रुमाल पडला आणि चार घड्यांचा कागद पडला. मी उघडला. चौकीदाराचा पहिला जबाब होता, घटनेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात घेतलेला. त्यात लिहिलं होतं की दोघे होते, तोंडाला रुमाल बांधलेले होते, मी कुणालाही ओळखलं नाही. दोषारोपपत्राला जोडलेला जबाब त्यानंतर नऊ दिवसांचा होता.

जमादार म्हणाले, "मॅडम, त्यो डायरीतला हाय. जोडलेला न्हाई. चुकून आला."

मी कागद किती वेळ हातात धरला होता ते आठवत नाही. काय विचार केला ते आठवतं. संतोषनेच केलंय याची मला खात्री होती. म्हाताऱ्याचा वाकडा हात मी पाहिला होता. पहिलाच खटला होता. आणि डायरीतला कागद आरोपीला मागता येत नाही. साहेबांना फोन करावा असं मनात आलं, पण त्यांचं उत्तर मला माहीत होतं, म्हणून केला नाही. मी कागदाच्या होत्या तशा घड्या घातल्या आणि जमादारांच्या हातात दिला. त्यांनी तो पिशवीत टाकला. यादी केली नाही. संतोषला सात वर्षांची शिक्षा झाली, त्याने हायकोर्टात अपील केलं. कुणीतरी पेढे आणले, ते मी खाल्ले.

नंतर वर्षभर मला त्याचं काही वाटलं नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. खरंच वाटत नव्हतं. मी जेवत होते, झोपत होते, मुलीचा अभ्यास घेत होते. फक्त पोलीस आला की पिशवी उलटी करा म्हणणं मी बंद केलं होतं, आणि ते बंद केलंय हेही माझ्या लक्षात आलं नव्हतं.

त्या पावसाळ्यात साहेबांचे तीन फोन आले. एरवी ते फोन करणाऱ्यातले नव्हते. तब्येतीचं, पाण्याचं, सोयाबीनच्या भावाचं बोलायचे आणि ठेवता ठेवता विचारायचे, "काय राहिलं का तिकडं?" मला वाटलं, कपाटातल्या त्यांच्या सामानाचं विचारतायत. मी तिन्ही वेळा म्हटलं, "नाही सर, काही नाही राहिलं." तिसऱ्या वेळी ते मग म्हणाले, "बरं. ये एखांद्या दिवशी." मला ते पहिल्यांदाच 'ये' म्हणाले होते.

गणपतीच्या सुट्टीत लातूरला गेले. साहेब अंगणात खुर्चीवर होते. अंगावर काही उरलं नव्हतं, शर्ट खुंटीला लावल्यासारखा दिसत होता. काकूंनी सुशीला आणून दिली. मी मिरच्या वेचायला लागले आणि त्यांच्यासारख्याच रांगेने लावल्या. चार मिरच्या लावून झाल्यावर मी बोलायला लागले. ठरवून गेले नव्हते. सगळं सांगितलं, पेढे खाल्ले तेही. रडू आलं नाही. दुसऱ्याच कुणाचा खटला वाचून दाखवावा तसं सांगितलं.

साहेबांनी सुपारी कातरणं थांबवलं नाही. म्हणाले, "कागद कुठाय आता?"

"डायरीतच असेल, सर."

"मंग?"

"तुम्ही कळवाल का, सर, त्याच्या हायकोर्टातल्या वकिलाला? तुमच्या शब्दाला वजन आहे."

"पिशवी तुमची हाय, लोहेकर," ते म्हणाले. "तुमीच उलटी करा."

ते रागावले नाहीत. त्यांना नवलही वाटलं नाही. आजारी माणसाला कशाचं नवल वाटणार, असं मी समजले.

मी शपथपत्र केलं. कागद होता, मी पाहिला होता, परत दिला होता, असं तीन ओळींत लिहिलं. डायरी मागवली गेली, कागद तिथेच निघाला. जमादार तोवर निवृत्त झाले होते, त्यांनीही खरं सांगितलं. महिन्याभरात संतोषला जामीन मिळाला आणि पुढच्या वर्षी अपिलात तो निर्दोष सुटला. माझी नेमणूक गेली. मी आता वकिलांच्या खोलीत मागच्या बाकावर बसते, मिळतील ती किरकोळ कामं करते. मला ते ठीकच वाटतं. पोलीस मला नमस्कार करत नाहीत.

जामीन झाला त्या दिवशी संतोषची बायको कोर्टाच्या फाटकाशी भेटली. आभार मानायला आली असेल असं क्षणभर वाटलं, याची आता लाज वाटते. ती म्हणाली, "सासूबाई पंचमीला गेल्या. ह्यांना तोंड बी बगाय भेटलं न्हाई. पोराला सोडा, पोराला आना, म्हनून म्हनूनच गेल्या. जरा आदी झालं आसतं तर." मी मान हलवली. ती डबा घेऊन निघून गेली.

साहेब संक्रांतीच्या आत गेले. नांदेडला वकिलांनी शोकसभा घेतली. सगळे चांगलं बोलले आणि सगळं खरंच बोलले. झडतीवाले साहेब म्हणताना सगळे हसले. आयुष्यात त्यांनी एकही कागद एक दिवससुद्धा दाबून ठेवला नाही, असं अध्यक्ष म्हणाले. मीही उभी राहून तेच म्हणाले.

चार दिवसांनी काकूंना भेटायला लातूरला गेले. त्यांनी साहेबांची कापडी पिशवी माझ्यापुढे ठेवली. "तुलाच द्या म्हनून सांगून ठेवलं होतं त्यायनी." मी सवयीने ती पलंगावर उलटी केली. अडकित्ता पडला, चष्म्याचं घर पडलं, कागदात गुंडाळलेले दगड झालेले पेढे पडले. आणि एक पाकीट पडलं. त्यावर संतोषच्या हायकोर्टातल्या वकिलाचा पत्ता होता, पोस्टाचं तिकीटही लावलेलं होतं. आतल्या पत्रात सगळं होतं. पहिला जबाब, त्याची तारीख, डायरी, कुणी पाहिला, कुणी परत दिला. खाली साहेबांची सही. पत्रावरची तारीख पंचमीच्या दहा दिवस आधीची होती. पाकिटाच्या मागे पेन्सिलीने तीन तारखा लिहिल्या होत्या आणि प्रत्येकीपुढे एकच शब्द, फोन.

"ते हदगावकडचे जमादार डोळे दाखवाय आले होते लातूरला," काकू म्हणाल्या. "त्यायनी सांगितलं. त्याच दिवशी पत्र लिवलं ह्यांनी. मंग रोज काडायचे आन रोज ठिवायचे. मी म्हनले, आना इकडं, टाकून येते. तर म्हनायचे, ऱ्हाऊ द्या. पोरगी येईल. तिनंच केलेलं बरं."

मी बोटांवर मोजलं. त्या तारखेपासून मी अंगणात बसून मिरच्या लावल्या त्या दिवसापर्यंत एक महिना आणि नऊ दिवस. त्यातल्या दहाव्या दिवशी संतोषची आई गेली.

आधी मला त्यांचा राग आला. मग इतकी माया दाटून आली की काकूंच्या मांडीवर डोकं ठेवावंसं वाटलं. मग दोन्ही गेलं आणि पुन्हा ते जुनं, काही न वाटणं आलं. माझं नाव राहावं, माझी मी सुधारावी, म्हणून त्या माणसाने जन्मात एकदाच एक कागद दाबला होता. तो माझ्यासाठी होता आणि त्याची किंमत तिसऱ्याच बाईने मोजली होती. काकू म्हणाल्या, "फाडून टाक गं. कशाला आता?" मी पाकीट पर्समध्ये ठेवलं. अकरा दिवस ते माझ्याकडे होतं. हेही सांगायला हवं.

बाराव्या दिवशी सकाळच्या बसने हदगावला गेले, तिथून रिक्षाने त्यांच्या गावी. संतोष तुरी बडवत होता. त्याची बायको ओट्यावर निवडायला बसली होती. मी तिच्या हातात पाकीट दिलं. तिने पत्र वाचलं, सावकाश, ओळीखाली बोट धरून. तारखेवर परत गेली. बराच वेळ तिथेच होती. संतोष जवळ येऊन उभा राहिला, पण त्याने पत्र मागितलं नाही.

"ह्ये कोन?" तिने विचारलं.

"माझे साहेब. गेले आता."

"चांगले होते का?"

"हो," मी म्हटलं. "फार चांगले होते."

तिने पत्राच्या घड्या घातल्या. "मंग ह्ये आता कशापायी आनलं?"

"राहिलं होतं," मी म्हटलं.

ती मग माझ्या खांद्यावरच्या पिशवीकडे बघून म्हणाली, "आजून काय राहिलं का?"

मी पिशवी खांद्यावरून काढली आणि तिच्या ओट्यावर उलटी केली. डबा पडला, पेन पडलं, मुलीच्या केसांचं रबर पडलं, बसचं तिकीट पडलं. तिने एकेक वस्तू उचलून पाहिली. तिकीटसुद्धा दोन्ही बाजूंनी पाहिलं. मग सगळं परत पिशवीत भरून पिशवी माझ्या हातात दिली, आणि तुरी निवडायला लागली.